शून्याची जुडी

दर सोमवारी सकाळी बाबा दोन जुड्या घेऊन यायचे. एक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ती माझ्या प्रयोगशाळेची. दुसरी नुसतीच, मुळांची माती झटकलेली, ती माझ्या लेकीची. लेकीला ते वाटाणा म्हणायचे. जन्मली तेव्हा हिरव्या दुपट्यात होती आणि इतकी गोल, की हातातून घरंगळेल असं त्यांना वाटलं होतं. आता तेरा महिन्यांची झाली होती, चांगली धरून धरून चालायची, पण नाव वाटाणाच राहिलं.

ते आले की मी निघायची. दिवसभर तिला बाबाच सांभाळायचे. नवरा मालाची गाडी घेऊन आठवडा आठवडा बाहेर असायचा, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. जन्मभर त्यांनी एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली. निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, लोकांना चाळीस वर्षं वरखाली नेलं, माझे स्वतःचे पाय काही जमिनीला लागले नाहीत. मग नदीकाठी जागेचे लहान लहान तुकडे लोकांना भाजी लावायला देत होते, त्यातला एक त्यांनी घेतला. चार पलंग मावतील एवढा. त्यात पालक, मुळा, थोडा कांदा. पहिला पालक उगवला तेव्हा त्यांनी मला दुपारी कामावर फोन करून सांगितलं होतं, की आला. मला वाटलं पाहुणा आला.

माझं काम भाजी तपासण्याचं. बाजारातून, मळ्यांतून भाज्यांचे नमुने येतात. आम्ही त्या धुतो, वाळवतो, दळतो, त्या पुडीतली चिमूटभर आम्लात घालून तापवतो, तिचं पाणी झालं की यंत्राला देतो. भाजीत शिसं किती, कॅडमियम किती, ते यंत्र सांगतं. पण प्रत्येक पालेभाजीत तिचे स्वतःचे क्षार असतात आणि त्यांच्यामुळे यंत्राचा गोंधळ होतो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी होती, की आधी एक स्वच्छ भाजी तशीच विरघळवून यंत्राला दाखवायची आणि सांगायचं, हे शून्य. याच्यावर जे निघेल तेवढंच मोज.

ती स्वच्छ भाजी म्हणजे बाबांचा पालक. चार वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी आपापल्या ओळखीतल्या भाज्या आणून तपासल्या होत्या. बाबांच्या पालकात काही म्हणता काही सापडलं नाही. तेव्हापासून दर सोमवारची जुडी त्यांची. कुणी पैसे देऊ केले नाहीत आणि त्यांनी ते घेतलेही नसते. पण गल्लीत असा माणूस नव्हता ज्याला हे ठाऊक नव्हतं. सगळ्या शहराची भाजी माझ्या भाजीशी ताडून बघतात, असं ते न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगायचे. शेजारच्या शिवणवालीला दिवस गेले तेव्हा तर त्यांनी तिला बजावलंच, की आता बाजारातली पालेभाजी बंद, मी देतो ती खायची, तपासलेली आहे.

या वर्षी वरून तपासणीला माणसं आली. त्यांनी विचारलं, शून्य कशावर करता. साहेबांनी हसत हसत सांगितलं, आमच्या या बाईंच्या वडिलांच्या भाजीवर. ती माणसं हसली नाहीत. महिन्याभरात मोहोरबंद बाटली आली, पानांच्या पुडीची, प्रत्येक धातूचं प्रमाण बाहेर छापलेलं. आता शून्य आणि बाकीची सगळी मापं त्या बाटलीवर.

त्या सोमवारी बाबांची जुडी नेहमीसारखी वर्तमानपत्रात आलेली होती. तुमची आता गरज नाही, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. जीभ रेटली नव्हती. टाकून कशी द्यायची म्हणून मी ती इतर नमुन्यांसारखीच वाळवली, दळली, विरघळवली. म्हटलं, जुडीच्या निवृत्तीची एक शेवटची गंमत. एक छानसा अहवाल छापून घेऊ, बाबा भिंतीला लावतील.

बुधवारी सकाळी अकराला आकडा आला. शिसं मर्यादेच्या चौपट. कॅडमियम त्याहून वर.

मला आधी वाटलं, काचेचं भांडं नीट धुतलं गेलं नसेल. दुसरं भांडं लावलं. मग तिसरं. तिन्ही वेळा आकडा तोच, शेवटच्या दशांशाचा काय तो फरक. शेजारी आमच्या वजनवाल्या बाई बसतात. वीस वर्षं त्या काट्यासमोर आहेत. कुणी शिंकलं तरी काटा हलतो म्हणून त्यांच्या खोलीत सगळे श्वास धरून बोलतात. त्या उठून आल्या, चष्मा वर करून आकडा पाहिला आणि विचारलं, कुठला मळा हा. मी म्हटलं, आमचाच.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन आकडा पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपण याच्यावर शून्य करत होतो."

मला तेव्हा कळलं. यंत्राला बाबांच्या पालकातलं शिसं कधी दिसलंच नव्हतं, कारण आम्हीच त्याला सांगत होतो की हे काही नाही. आणि नदीकाठच्या साऱ्या मळ्यांच्या भाजीतून तेवढं शिसं आम्ही वजा करत होतो. बाबांची भाजी जसजशी नासत गेली, तसतशी बाजारातली भाजी आमच्या कागदावर स्वच्छ होत गेली होती. खाली सही माझी.

पण खरं सांगते, त्या घटकेला बाजाराचं मला काही सुचलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला बाबा वाटाण्याला जेवायला घालायचे. बटाटा आणि पालक कुस्करून, मिठाचा कण टाकून. सहाव्या महिन्यापासून रोज. मी फोन लावला. तो वाजत राहिला. तिची झोप मोडू नये म्हणून ते फोन कपाटावर उपडा ठेवायचे. वजनवाल्या बाई म्हणाल्या, तू जा, इथलं मी बघते.

बस यायला वेळ होता, मी चालतच सुटले.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, वाटाणा समोर, गळ्याला रुमाल बांधून. जेवताना त्यांचा एक खेळ असायचा. चमचा म्हणजे लिफ्ट. वाटीपासून निघायची आणि एकेक मजला चढत तिच्या ओठांपर्यंत जायची. आठवा मजला आला की बाबा गंभीर आवाजात म्हणायचे, दार उघडा, आणि ही मोठा आ करायची. इतर कुणी कितीही विनवलं तरी एवढा आ करायची नाही.

मी दारात पोचले तेव्हा वाटी रिकामी होती आणि शेवटचा चमचा सहाव्या मजल्यावर होता. मला ओरडता आलं असतं. नुसतं बाबा म्हटलं असतं तरी त्यांचा हात थांबला असता. मी धापा टाकत होते, हे खरं, पण आवाज फुटत नव्हता असं नाही. दोघं एकमेकांकडे इतकी रंगून बघत होती, की मला त्यांच्या मध्ये जाववलं नाही. दार उघडा, बाबा म्हणाले. दार उघडलं. चमचा आत गेला.

आठ महिने जे पोटात गेलं, त्यापुढे एक चमचा काय. हे मलाही कळतं. तरी बाकीचं सगळं मी नकळत केलं होतं, आणि हा एक चमचा कळून.

बाबांनी मान वळवून पाहिलं. एवढ्या लवकर कशी आलीस म्हणाले. मी चपला न काढताच खाली बसले आणि विचारलं, भाजीला पाणी कुठलं घालता.

"कुठलं म्हणजे? नदीचं."

"विहीर होती ना?"

"ती कधीच आटली. दोन वर्षं होत आली की. मी पंप नाही का बसवला? तुला दाखवायला नेणार होतो, पण तेव्हा तुझ्या उलट्या चालल्या होत्या. मग राहूनच गेलं." आणि मग, थोडं फुशारकीनं, "त्या पाण्यावर पानं बघ कशी झालीत. हाताएवढी."

तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. म्हणजे वाटाणा पोटात होती तेव्हापासून. अन्न ठरत नव्हतं, तरी बाबांचा पालक तेवढा गळ्याखाली उतरायचा, आणि मी तो दोन्ही वेळा खायची.

मी त्यांना सांगितलं. जमेल तितकं साधं सांगितलं. नदीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायच्या पत्र्याच्या शेड आहेत, भांड्यांना मुलामा देणारे आहेत, त्यांचं पाणी वळणापाशी सुटतं. बाबा ऐकत होते ते चेहऱ्यावर हसू ठेवूनच. मग मला समजावू लागले. पाणी नितळ आहे, तळाचे गोटे मोजून घ्यावेत, वास नाही, फेस नाही. काळं पाणी असतं तर मी घातलं असतं का. तुमचं यंत्रच बिघडलं असेल. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली की सगळे लिफ्टवाल्यालाच शिव्या घालतात, आधी यंत्र बघ.

मी म्हटलं, तीनदा बघितलं.

"मी धुतो गं. तीन पाण्यांनी धुतो."

"धुऊन जात नाही, बाबा. पानाच्या आत असतं."

"उकळून?"

मी मान हलवली. वाटाणा त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती आणि हिरवं झालेलं तोंड त्यांच्या सदऱ्याला पुसत होती. बाबांनी तिला अलगद माझ्याकडे सरकवलं, वाटी उचलली आणि मोरीकडे गेले. बराच वेळ नळ वाहत होता. मी गेले तर ते तीच वाटी घासत होते, आत, बाहेर, पुन्हा आत.

तिघांचं रक्त दिलं. वाटाण्याच्या दंडावर शीर सापडेना, दोनदा सुई टोचावी लागली. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. चार दिवसांनी डॉक्टरीण बाईंनी कागद समोर ठेवले. माझं जास्त होतं. वाटाण्याचं, तिच्या वयाला नसावं एवढं होतं. बाबांचं आम्हा दोघींच्या बेरजेहून जास्त. त्यांना तर तिन्ही त्रिकाळ तेच, एकट्या जेवणाऱ्या माणसाला दुसरं कोण काय शिजवून घालणार होतं. बाई चांगल्या होत्या, हातचं राखून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आज हिच्यात काही दिसत नाही. पुढे बोलायला उशीर लागेल, शिकताना लक्ष लागणार नाही, असं होऊ शकतं. नाहीही होणार. भाजी बंद, लोहाचे थेंब सुरू, दूध द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. थांबायचं.

बाबांनी एकच विचारलं, किती चमच्यांनी होतं हे. बाई म्हणाल्या, काका, ते असं मोजता येत नाही. बाबांनी मान डोलावली, पण ते मनात मोजत होते हे मला दिसत होतं. ओठ हलत होते.

त्या दिवसापासून ते वाटाण्याला भरवेनात. वेळेवर यायचे, तिला खेळवायचे, पण जेवणाची वेळ झाली की खिडकीपाशी जाऊन उभे. मी रजा टाकली होती. बटाट्यात गाजर कुस्करलं, दूरच्या दुकानातून आणलेलं, आणि चमचा पुढे केला. तिने ओठ घट्ट मिटले. मी पहिला मजला, दुसरा मजला म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघेचना, माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत राहिली, आणि दार उघडा म्हटल्यावर रडायलाच लागली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"बाबा, तुम्ही भरवा ना. हे चांगलं आहे. मी तपासून आणलंय."

"मीही तपासलेलंच देत होतो," ते म्हणाले.

ते टोचून बोलले नव्हते. म्हणूनच लागलं.

कामावर तेव्हा आणि पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, बाटली आली आहे, आजपासून बरोबर होईल, जुनं कशाला उकरायचं. तेवढ्यात वजनवाल्या बाई न विचारताच आत आल्या. दर सोमवारच्या पालकाची उरलेली पुडी त्या तारीख घालून जपून ठेवायच्या, फडताळात चार वर्षांच्या पुड्या होत्या. त्यांनी तो अख्खा ट्रे साहेबांच्या टेबलावर ठेवला, म्हणाल्या, कुंपणानेच शेत खाल्लं, साहेब, आणि कुंपण आपण, आणि तशाच उभ्या राहिल्या. साहेबांनी दोन-तीन पुड्यांवरच्या तारखा वाचल्या. शेवटी म्हणाले, करा. आम्ही एकेक पुडी तपासली. जिथपर्यंत विहीर होती तिथपर्यंत काही नाही. पंप बसला त्या महिन्यापासून आकडा चढायला लागला होता, पायरीपायरीने. तीनशेच्या वर अहवाल मागे घ्यावे लागले. माझा सहीचा अधिकार काढला, तूर्त मी भांडी धुते. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी ती चांगली धुते.

बाबांनी मळा उपटला. मीही गेले होते. पंप त्यांनी आधीच काढून ठेवला होता. पानं खरंच हाताएवढी होती, काळीभोर हिरवी, एकाला कीड नाही. गुरांना घालू नका, खतात टाकू नका, असं मला सांगावं लागलं. आम्ही ती गोण्यांत भरली, तोंडं शिवली. बाबांनी एकही पान खाली राहू दिलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी हात धुतले, तेही घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने, आणि म्हणाले, आता सांगायला जायचं.

त्यांनी ज्यांना ज्यांना भाजी दिली होती त्यांच्याकडे. मी म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, दिली मी, सांगणार मी. न्हाव्याने हसण्यावारी नेलं. काका, इतक्या वर्षांत मेलो नाही, आता काय मरतो. पोस्टमन आम्ही फारशी खात नव्हतो म्हणाला, ते खरं असो नसो. बाबा प्रत्येक दारात तेच वाक्य बोलत होते, मी दिलेली भाजी वाईट होती, तुम्ही रक्त तपासून घ्या. ना मान खाली, ना नदीचं नाव, ना शेडचं. वाटाण्याला कडेवर घेऊन मी दोन पावलं मागे.

शिवणवालीचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिला आठवा महिना संपत आला होता. खोलीभर कापडाचे तुकडे, यंत्राशेजारी अर्धवट शिवलेलं एक लहानसं अंगडं. ती टाचण्या ओठांत धरून काहीतरी जोडत होती. बाबांना बघून डोळ्यांनीच हसली आणि स्टूल पायाने पुढे सरकवलं.

बाबा बसले नाहीत. वाक्य सुरू केलं, मी दिलेली भाजी, आणि थांबले. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलले.

तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक काढून मनगटावरच्या उशीत टोचली, शेवटच्या टाचणीपर्यंत. मग पोटावर हात ठेवला.

"काका, मी तर रोज खाल्ली."

"हो."

"वाटाण्यानेही?"

"तिनेही," बाबा म्हणाले. "तू आत्ता दवाखान्यात चल. मी बरोबर येतो."

तिने यंत्रावर कापड घातलं आणि ती चपला शोधायला वाकू लागली, तर बाबांनी त्या तिच्या पायांपुढे आणून ठेवल्या. तिने त्या घातल्या, त्यांच्याकडे न बघता.

दवाखान्यात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा नर्सने कागद पुढे ओढला. तिला बरंच काही विचारायचं होतं. ही भाजी कधीपासून खात होतात, किती, आठवड्यातून किती वेळा, कच्ची की शिजवून. शिवणवाली गोंधळून गेली. असेल, पाच महिने, सहा, म्हणाली, कोण लक्षात ठेवतं.

तेव्हा बाबा पुढे झाले आणि सांगायला लागले. पहिली जुडी दिली तेव्हा तिला तिसरा महिना लागून दोन दिवस झाले होते. सुरुवातीला लहान जुडी, एका वेळची. चौथ्या महिन्यात तिला उलट्या होत होत्या, तेव्हा नुसती कोवळी पानं, वरची, निवडून. त्यात चार दिवस ती माहेरी गेली होती, ते धरू नका. पाचव्यापासून मोठी जुडी, कारण तिची नखं पांढरी दिसायला लागली होती. सातव्यात तिने एकदा मुळ्याचा पाला मागितला होता, तोही दिला, तीन वेळा. गेल्या आठवड्यात सोमवारी शेवटची.

नर्सचं पेन मागे पडत होतं. ती म्हणाली, आजोबा, जरा हळू सांगा.

बाबा थांबले. तिचं लिहून होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग पुन्हा, हळू, एकही दिवस न गाळता सांगू लागले.